चढावर जू कधी उचलतं? एका आसाच्या गाडीचं वस्तुमानकेंद्र

लातूरला प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. एका आसाची, दोन टायरची बैलगाडी. गाडी आणि ऊस मिळून २००० किलो. आसापासून जुवापर्यंतचं आडवं अंतर ३ मीटर. वस्तुमानकेंद्र (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरायचं तो बिंदू) आसाच्या ९ सेंमी पुढे आणि ९२ सेंमी वर. किती अंशांच्या चढावर जुवावरचा दाब शून्य होईल? विद्यार्थ्याने सपाटीचा दाब ६० किलो काढला, चढावर त्याला कॉसने गुणलं आणि ‘कधीच शून्य होणार नाही’ असं लिहिलं. उत्तरात दिलंय ५.६ अंश. त्यात त्याचे केजचे मामा उसाची गाडी हाकतात. त्यांचं म्हणणं असं, की याहून खड्या चढावर भरलेली गाडी नेली तरी जू उचलत नाही. मग पुस्तक चूक की मामा? आणि ट्रॅक्टरमागच्या गाडीलाही हाच हिशेब लागतो का?

पुस्तक बरोबर आहे आणि मामाही बरोबर आहेत. दोघं वेगवेगळ्या गाडीबद्दल बोलताहेत एवढंच. पुस्तकातली गाडी चढावर उभी आहे, मामांची चालते आहे. तुमचं उत्तर मात्र या दोन्हींत बसत नाही, म्हणून आधी तेच बघू.

सपाटीचे ६० किलो बरोबर आहेत. आसाभोवती टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा जोर, घ्यायचा (बल गुणिले आसापासून बलाच्या रेघेचं अंतर; या अंतराला ‘हात’ म्हणतात) : २००० गुणिले ०.०९ भागिले ३. (इथे बल ‘किलो’तच ठेवतोय. न्यूटन हवे असतील तर शेवटी ९.८ ने गुणा. कोनाच्या उत्तरात ते दोन्हीकडून कटतात.) या हिशेबात ९२ सेंमी कुठेच आले नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, हा आकडा फसवायला दिलाय. सपाटीवर तो खरोखरच लागत नाही. वजनाची रेघ उभी असते. ती आसाच्या वर ९२ सेंमीवरून सुटली काय आणि १० सेंमीवरून सुटली काय, आसापासून तिचं अंतर ९ सेंमीच राहतं.

गाडी चढाला लागली की हे बदलतं. रस्त्याच्या दिशेने आणि रस्त्याला काटकोनात असे वजनाचे दोन भाग करा. काटकोनातला भाग, म्हणजे वजन गुणिले कॉस, ९ सेंमीच्या हाताने जू खाली दाबतो. हा तुम्ही घेतला. रस्त्याच्या दिशेने मागे ओढणारा भाग, म्हणजे वजन गुणिले साइन, ९२ सेंमीच्या हाताने जू वर उचलतो. हा राहिला. साइन छोटा असतो म्हणून तो सोडून द्यावासा वाटतो, पण त्याचा हात दहापट लांब आहे.

चिन्हं अशी धरू : एकूण वजन व, केंद्र आसाच्या पुढे प, आसाच्या वर उ, आसापासून जुवापर्यंत ल, आणि जुवावरचा दाब द, रस्त्याला काटकोनात मोजलेला. चाकांमागे दगड लावून गाडी चढावर उभी आहे, बैल ओढत नाहीत. मग

द × ल = व × (प × कॉस − उ × साइन)

५ अंशांना कॉस ०.९९६ आणि साइन ०.०८७. कंसात ८.९७ सेंमी वजा ८.०२ सेंमी, म्हणजे एक सेंमीहूनही कमी उरतं. दाब ६ किलो. सपाटीचे ६० होते, ५ अंशांत ६ वर आले. शून्य कधी? टॅन = प ÷ उ = ९ ÷ ९२ = ०.०९८ होईल तेव्हा, म्हणजे ५.६ अंशांना. पुस्तकाचं उत्तर हेच.

आता मामांची गाडी. ती चालते आहे, म्हणजे बैल ओढताहेत, आणि ओढीचं बल जुवाशी लागतं. जू आसाच्या उंचीवर नसतं. टायरचा आस जमिनीपासून ४५ सेंमीवर आणि बैलाचा खांदा १२० सेंमीवर धरला, तर जू आसाच्या ७५ सेंमी वर येतं. ही उंची ज म्हणू. गाडीला पुढे ओढणारं बल आसाच्या वर ७५ सेंमीवर लागतंय, म्हणजे तेही जू खाली दाबणारा टॉर्क देतं. चढावर एका चालीने जायचं तर ओढ किमान व × साइन एवढी हवीच. म्हणजे जे बल गाडीला मागे ओढतं, तेवढंच बल बैल पुढे देतात. फरक फक्त उंचीचा : एक ९२ सेंमीवर, दुसरं ७५ सेंमीवर. टॉर्क उरतो तो मधल्या १७ सेंमीचा.

द × ल = व × (प × कॉस − (उ − ज) × साइन)

५ अंशांवर दाब आता ५० किलो येतो. शून्य व्हायला टॅन = ९ ÷ १७, म्हणजे जवळजवळ २८ अंशांचा चढ लागेल. त्या चढावर कुठलीच जोडी गाडी ओढणार नाही, तेव्हा तो आकडा कागदावरच राहतो. मामांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच, की बैलांच्या ओढीत असेपर्यंत गाडी उलाळ होत नाही, म्हणजे मागे कलून जू वर उठत नाही. ते खरं आहे.

हेच उत्तर एका ओळीत काढायचं असेल तर टॉर्कचा बिंदू हुशारीने निवडा. आसातून रस्त्याला काटकोनात रेघ काढा आणि ती जुवाच्या उंचीपर्यंत वर न्या. त्या बिंदूभोवती टॉर्क घेतला की ओढीचा हात शून्य, आसावरच्या आधाराचाही शून्य. उरतात फक्त वजन आणि द. गाडी उभी असेल तर बिंदू आसावर, चालत असेल तर आसाच्या वर जुवाच्या रेघेत. परीक्षेत असला प्रश्न आला की मी आधी एवढंच विचारायला सांगेन : गाडीला मागे घसरण्यापासून कोण धरतंय, आणि कुठल्या उंचीवर?

कारण धरणारा बदलला की उत्तर बदलतं. दगडाच्या जागी ब्रेक असेल तर? बऱ्याच गाड्यांना तो नसतो. पण जिथे आहे तिथे ब्रेकचा गुटका (चाकावर दाबला जाणारा ठोकळा) गाडीच्या सांगाड्यावर बसलेला असतो. तो दाबला की चाक आणि साटा (माल ठेवायचा गाडीचा तळ) एकजीव होतात आणि चाकाचा टॉर्क सांगाड्यात उतरतो. अशा वेळी टॉर्क टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूभोवती घ्यायचा, आणि केंद्राची उंची ९२ न राहता ९२ अधिक ४५, म्हणजे १३७ सेंमी धरायची. शून्य ३.८ अंशांवरच येतं. गंमत म्हणजे पुष्कळ विद्यार्थी दगड लावलेल्या गाडीलाही हेच ३.८ लिहितात, कारण सवयीने जमिनीचा बिंदू धरतात आणि दगडाचं चाकावरचं बल विसरतात. चाक मोकळं फिरणारं असेल तर जमीन आणि दगड मिळून त्याच्यावर जे बल देतात ते आसातूनच जातं. आसाभोवती त्याचा टॉर्क नाही, जमिनीच्या बिंदूभोवती मात्र आहे. म्हणजे एकाच गाडीची तीन उत्तरं : ब्रेकवर उभी ३.८, दगडावर उभी ५.६, ओढीत चालती २८.

याचा अर्थ धोका चढण्यात नाही, चढावर थांबण्यात आहे. ७ अंशांच्या चढावर गाडी चालत असताना खांद्यावर ४६ किलो दाब असतो. बैल दमले, गाडीवानाने चाकांमागे दगड लावले आणि जोडीने ओढ सोडली, की त्याच क्षणी हिशेब पहिल्या समीकरणावर येतो आणि दाब उणे १५ किलो होतो. म्हणजे जू वर उठतं आणि सापती, म्हणजे बैलाची मान जुवाला बांधणारा पट्टा, बैलाच्या गळ्यात ओढली जाते. बैल बिचकतो, मागे सरतो, आणि पुढचं सगळं त्यातून होतं. ओढ्यातून वर येणारी वाट असो की धारूरच्या घाटासारखा लांब चढ, भरल्या गाडीला मध्ये थांबवावंच लागलं तर दगड लावल्याबरोबर एका माणसाने धुऱ्यावर (गाडीपासून जुवापर्यंत जाणाऱ्या लाकडावर) वजन द्यावं, आणि ब्रेक असेल तर दगड पक्का बसल्यावर तो सैल करावा. दगडावरची गाडी ब्रेकवरच्या गाडीपेक्षा कमी उलाळते, हे वरच्या दोन कोनांतून दिसतंच.

मागून माणसं रेटतात तेव्हाही थोडं असंच होतं. रेटणाऱ्यांनी ८० किलोची ओढ वाचवली, पण त्यांचे हात साट्याच्या उंचीला, आसाच्या फक्त ३० सेंमी वर लागताहेत. बैलांची ओढ ७५ सेंमीवर लागत होती. ४५ सेंमीचा फरक गुणिले ८० भागिले ३, म्हणजे जुवावरचा दाब १२ किलोंनी उतरतो. मदत खरीच आहे, पण गाडी आधीच मागे जड भरली असेल तर ही मदतच जू उचलते. रेटताना मागचा कोपरा थोडा वर उचलून रेटला तर उलट फायदा होतो. आसाच्या मागे १.८ मीटरवर ३० किलो वर उचलले की जुवावर १८ किलो वाढतात.

आता ओढीचा विचार निघालाच आहे तर चाकांचा अडथळा सोडून कसं चालेल. डांबरी रस्त्यावर तो वजनाच्या साधारण ०.०२ पट असतो, म्हणजे ४० किलो. तेवढी जास्त ओढ ७५ सेंमीवर लागते, तेव्हा जुवावर १० किलो वाढतात. इथपर्यंत ठीक. पण काळ्या रानात, पाणी दिलेल्या फडातून गाडी काढायची असेल तर हा अडथळा ०.१ च्या पुढे जातो. २०० किलोंची ओढ गुणिले ०.७५ भागिले ३ म्हणजे आणखी ५० किलो. सपाट फडात, एकही मोळी न हलवता, खांद्यावरचा दाब ६० चा ११० होतो. फडातून निघताना बैलांच्या मानेवर गाडी बसल्यासारखी वाटते, याचं कारण भरणीत नाही, मातीत आहे. अशा वेळी पुढच्या मोळ्या मागे टाकल्या तर रस्त्याला लागल्यावर गाडी उलाळ होणार. चांगली जोडी दिवसभर ओढते ते स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढं. देवणी किंवा लालकंधारी जातीची जोडी ८०० किलोंची धरली तर ८० किलो. २०० किलोंची ओढ ती थोडाच वेळ देऊ शकते. म्हणून फडातून अर्धी गाडी बाहेर काढायची आणि उरलेली बांधावर भरायची, हा उपाय मला मोळ्या मागेपुढे करण्यापेक्षा बरा वाटतो.

प्रश्नातले ९ आणि ९२ हे आकडे आले कुठून, तेही बघा. ते दिलेले असले तरी खऱ्या गाडीत ते भरणाऱ्याच्या हातात असतात. रिकामी गाडी ४०० किलो, तिचं केंद्र आसाच्या वर २० सेंमी आणि पुढेमागे बरोबर आसावर. ऊस १६०० किलो. साटा आसाच्या वर ३० सेंमी आणि उसाची रास १६० सेंमी उंच, तर उसाचं केंद्र आसाच्या वर ११० सेंमी. एकत्र केंद्र : (१६०० × ११० + ४०० × २०) ÷ २००० = ९२. पुढचं अंतर : उसाचं केंद्र आसाच्या ११.२५ सेंमी पुढे असेल तर १६०० × ११.२५ ÷ २००० = ९.

हे ११ सेंमी किती नाजूक आहेत याची कल्पना येण्यासाठी २० किलोची एक मोळी साट्याच्या पुढच्या टोकावरून मागच्या टोकावर न्या, म्हणजे ३ मीटर. जुवावरचे २० किलो गेले. अशा तीन मोळ्या नेल्या की ६० चे शून्य. १६०० किलोंतले ६० किलो म्हणजे पावणेचार टक्के. डोळ्यांना रास तशीच दिसते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उसाचं बूड कुठल्या बाजूला आहे. ऊस बुडख्याकडे जाड आणि जड, शेंड्याकडे बारीक. त्यामुळे एका उसाचं केंद्र त्याच्या मधोमध नसतं, बुडख्याकडे सरकलेलं असतं. ते समजा १० सेंमी सरकलेलं आहे आणि गाडीत ऊस लांबीने रचलाय. सगळे बुडखे पुढे केले तर जुवावर १६०० × ०.१ ÷ ३ म्हणजे ५३ किलो वाढतात. सगळे मागे केले तर ५३ कमी होतात. रास तीच, उंची तीच, वजन तेच, आणि फरक १०६ किलोंचा. थर आलटून पालटून, एक बुडखे पुढे आणि एक मागे, असा रचला तर हा प्रश्न मुळातूनच मिटतो. ऊस आडवा रचायची पद्धत असेल तर हाच फरक डाव्या-उजव्या चाकात पडतो.

रचलेला ऊस जागेवर राहतो हेही गृहीतच आहे. गणितात गाडी एकसंध, सांधा नसलेली वस्तू असते. खऱ्या राशीतला ऊस गुळगुळीत असतो आणि चढावर थोडा मागे सरकतो. १६०० किलो फक्त ५ सेंमी मागे सरकले तरी जुवावरून २७ किलो जातात. चढ संपल्यावर ते परत येत नाहीत. दोर आडवेच नाही तर लांबीच्या दिशेनेही ताणून बांधायचे ते यासाठी.

गाडी खाली करताना हाच हिशेब उलटा लागू होतो. पुढच्या बाजूने, आसाच्या १.२ मीटर पुढून १०० किलो ऊस उतरवला की जुवावरचे ४० किलो गेले. आणखी तेवढाच उतरवला की जू वर. म्हणून बैल सोडल्यावर टेकू फक्त धुऱ्याखाली नको, साट्याच्या मागच्या टोकाखालीही हवा. आणि उतरवायला सुरुवात मागून करावी.

जुवावर मग किती दाब असावा? याला एक आकडा नाही. वाटेत चढ किती, थांबावं लागेल का, उतार किती, फड किती मऊ, जोडी केवढी, यावर ते ठरतं. खालची मर्यादा चढावर थांबण्याने ठरते, वरची मर्यादा खांद्याने. दाब फार ठेवला तर जू खांद्यावर घासून खांदेसूज येते, मग पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी तेवढ्यावर भागत नाही. २००० किलोंना ६० किलो म्हणजे तीन टक्के. साध्या रस्त्याला हे पुरेसं वाटतं. वाटेत ७ अंशांचा चढ असेल आणि तिथे थांबायची शक्यता असेल तर आधी रास कमी उंच करा, मगच पुढचं वजन वाढवा. कारण उंची ९२ ची ७२ केली तर थांबल्यावर शून्य होण्याचा कोन ५.६ वरून ७.१ होतो आणि सपाटीवर खांद्याला एक किलोही जास्त पडत नाही. हेच फक्त पुढचं वजन वाढवून साधायचं तर सपाटीचा दाब ६० वरून ७६ च्या वर न्यावा लागतो.

उतारावर साइनच्या भागाचं चिन्ह उलटतं, म्हणून थोडक्यात सांगतो. ५ अंशांच्या उतारावर बैलांनीच गाडी मागे रोखली तर दाब ७० किलो. चाकांपुढे दगड लावून उभी केली तर ११३. ब्रेकवर रोखली तर १३९. ब्रेकने खांद्यावरचा भार वाढतो हे खरं, पण बदल्यात १७४ किलोंचा पुढे ढकलणारा रेटा बैलांवरून जातो. माझ्या मते हा सौदा बैलांच्या फायद्याचा आहे. बैल दाब सोसतो, मागून येणारा रेटा रोखायला त्याच्याकडे सापती आणि शिंगांशिवाय काही नाही.

बाजूला कलंडण्याचा हिशेब वेगळा आणि सोपा आहे. दोन चाकांत १५० सेंमी, म्हणजे मधल्या रेघेपासून ७५. केंद्राची जमिनीपासूनची उंची १३७. टॅन = ७५ ÷ १३७, म्हणजे २८.७ अंश. एक चाक १५ सेंमी खोल चाकोरीत गेलं तर कल ६ अंशांच्या आत राहतो आणि खालच्या चाकावर वजनाचा ५० ऐवजी ५९ टक्के भाग येतो. गाडी नुसत्या एवढ्या कलण्याने पडत नाही. पडते ती कलल्यावर रास सरकते म्हणून, किंवा खालचा टायर कमी हवेने आणखी दबतो म्हणून.

हे आकडे स्वतः तपासायचे असतील तर आडत दुकानातला प्लॅटफॉर्म काटा पुरतो. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांच्या दोन्ही बाजूंनी दगड लावा, बैल सोडा, काटा जुवाच्या नेहमीच्या उंचीला येईल असा ठेवून धुऱ्याचं टोक त्यावर टेकवा. वाचन गुणिले ३ भागिले एकूण वजन, म्हणजे प मिळाला. एकूण वजन कारखान्याच्या वजनकाट्यावरचं घ्या. मग काट्याखाली १५ सेंमीचा ठोकळा घालून धुरा तेवढा उचला आणि पुन्हा वाचा. आपल्या गाडीत ६० चे साधारण २९ होतील. उंची = वाचनांतला फरक × ३ ÷ (एकूण वजन × ०.०५). हे ०.०५ म्हणजे १५ सेंमी भागिले ३ मीटर. फरकात एक किलोची चूक झाली तर उंचीत ३ सेंमीची पडते. ५ सेंमीच उचललं तर हीच चूक ९ सेंमीची होते, म्हणून उचलण्यात कंजुषी नको. सगळ्यात जास्त फसवते ती जागा. जमीन एक अंशाने जरी कललेली असेल, म्हणजे ३ मीटरला ५ सेंमी, तरी जुवावरचं वाचन ११ किलोंनी चुकतं. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने जागा तपासा, किंवा गाडी उलट्या तोंडाने उभी करून दोन्ही वाचनांची सरासरी घ्या.

शेवटचा भाग ट्रॅक्टरचा. सूत्र तेच, फक्त ज बदलतो. एका आसाची गाडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या दांड्याला) जोडली की जोडणीची उंची जवळजवळ गाडीच्या आसाएवढीच असते. ज शून्य. बैलांच्या खांद्याच्या उंचीने जो फायदा आपोआप मिळत होता तो इथे नाही, आणि चालती गाडीही उभ्या गाडीसारखीच वागते. बैलामागे २८ अंश टिकणारी तीच भरणी ट्रॅक्टरमागे चालतानासुद्धा ५.६ अंशांवर जोडणी वर उचलायला लागेल. जोडणी वर उचलली गेली की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, नेमकं चढावर, जिथे पकड सगळ्यात जास्त हवी. झटक्याने क्लच सोडण्याचाही परिणाम तोच होतो : एका सेकंदात वेग सेकंदाला १ मीटरने वाढवणारा झटका, हिशेबात ५.८ अंशांचा चढ जोडण्यासारखा.

म्हणून ट्रॅक्टरमागच्या गाडीला पुढे जास्त वजन लागतं. ४००० किलो, उंची १ मीटर, लांबी ३ मीटर धरा. ७ अंशांना शून्यावर येऊ द्यायचं नसेल तर केंद्र किमान १२.३ सेंमी पुढे हवं, म्हणजे सपाटीवर जोडणीवर १६४ किलो. झटक्याला जागा ठेवून २५० किलो ठेवावेत. याहून फार जास्त ठेवले तर उलटी अडचण येते. जोडणी ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या मागे असल्यामुळे तो भार पुढची चाकं उचलतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. तेव्हा पुढच्या बाजूला वजनाच्या प्लेटा लावता येतात. पण पुढचं उचलतंय म्हणून साखळी वर, ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या उंचीला बांधायची, हे मात्र कधीही करू नये. ७ अंशांवर ५५० किलोंहून जास्त ओढ असते. ती जेवढी वर लागेल तेवढा ट्रॅक्टरला मागे उलटवणारा टॉर्क वाढतो, आणि ड्रॉबार खाली बसवलेला असतो तो याच कारणाने.